मोजक्या रेषांचे धनी : रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर

महाराष्ट्राबाहेरील मराठी मंडळांच्या स्मरणिका चाळल्या म्हणजे त्यांत संतांची, समाजसुधारकांची, राष्ट्रपुरुषांची आणि साहित्यिकांची चरित्रे हटकून आढळतात. ते योग्यच आहे. मातृभूमीपासून शेकडो मैल दूर राहणाऱ्यांना या विभूतींचाच आधार असतो. परंतु ज्यांनी शब्दांनी नव्हे तर रेषेने मराठी माणसाचे रूप कागदावर उतरवून ठेविले, त्या चित्रकारांच्या वाट्याला असे स्मरण क्वचितच येते. आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने ही उणीव अल्पांशाने तरी भरून काढावी, या हेतूने आम्ही रावबहादूर म. वि. धुरंधर यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्यांच्या भव्य तैलचित्रांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हाला विशेष सांगावयाचे आहे ते त्यांच्या शाईच्या साध्या रेषेविषयी.

भिलाईकरांना रेषेची थोरवी पटवून देण्याची आवश्यकता नाही. १९५५ च्या फेब्रुवारीत सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या ब्लास्ट फर्नेसचे उद्घाटन झाले. हा अवाढव्य कारखाना भूमीवर उभा राहण्यापूर्वी कागदावर उभा राहिला होता. संगणक येण्यापूर्वीच्या त्या काळात ड्रॉइंग ऑफिसात बसून ट्रेसिंग कापडावर काळ्या शाईने रेघा ओढणाऱ्या ड्राफ्ट्समनला एक गोष्ट पक्की ठाऊक असे : शाईची रेघ पुसता येत नाही, आणि आराखड्यात एकही रेघ निष्कारण असता कामा नये. यंत्राचे चित्र आणि माणसाचे चित्र यांत अंतर मोठे आहे हे खरे. परंतु रेषेविषयीचा हा धर्म दोहोंनाही सारखाच लागू पडतो. तो धर्म धुरंधरांनी आयुष्यभर कसा पाळला, हे पाहण्याजोगे आहे.

महादेव विश्वनाथ धुरंधर यांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापूर येथे एका पाठारे प्रभू कुटुंबात झाला. शालेय शिक्षण कोल्हापुरातच झाले. संस्थानी राजधानीतील ते बालपण डोळ्यांना मेजवानी देणारे होते. देवीचे उत्सव, दरबारी मिरवणुका, हत्तीघोडे, तालमीतील मल्ल आणि आठवड्याच्या बाजाराला आलेले शेतकरी हे सारे त्या मुलाच्या दृष्टीखालून जात होते. चित्रकलेचा छंद त्याला लहानपणीच जडला. मुलाने चित्रे काढून पोट कसे भरावे, हा प्रश्न त्या काळच्या मध्यमवर्गीय घरांत पडत असेच. परंतु या घराने मुलाची वाट अडविली नाही, आणि १८९० च्या आरंभी तेविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असलेले महादेवराव मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत दाखल झाले.

१८५७ साली सुरू झालेल्या या कलाशाळेचे प्राचार्य त्या वेळी जॉन ग्रिफिथ्स हे होते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करून घेण्याचे प्रचंड काम याच ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांकरवी तडीस नेले होते. धुरंधर त्या कामानंतर शाळेत आले. परंतु अजिंठ्याचा वारसा शाळेच्या वातावरणात दरवळत होता. अजिंठ्याची कला मूलतः रेषेची कला आहे. रंग उडाले, गिलावा ढासळला, तरी उरलेल्या एका वळणदार रेघेतून एखादी मान, एखादा हात आजही सजीव भासतो. दुसऱ्या बाजूने शाळेतील नित्याचा अभ्यास पाश्चात्य पद्धतीचा होता. ग्रीक आणि रोमन पुतळ्यांच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून महिनोन्‌महिने छायाप्रकाशाचा सराव करावयाचा, नंतर जिवंत माणूस समोर बसवून त्याच्या शरीराची ठेवण समजून घ्यावयाची, असा तो क्रम होता. हा अभ्यास कंटाळवाणा म्हणून पुष्कळांनी त्याची निर्भर्त्सना केली आहे. आम्हाला मात्र असे वाटते की, धुरंधरांच्या पुढील रेषेचा साधेपणा याच अभ्यासाच्या पायावर उभा आहे. कातडीखाली हाड कोठे आहे हे ज्याला ठाऊक असते, त्यालाच गालाची रेघ एका झटक्यात ओढता येते. ज्याला ते ठाऊक नसते तो दहा रेघा ओढतो आणि त्यांतील एखादी बरोबर असेल, अशी आशा करतो.

विद्यार्थिदशेतच धुरंधरांच्या नावाचा बोलबाला झाला. १८९५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय चित्रकार होत. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८९६ साली, त्यांची त्याच शाळेत शिक्षक म्हणून नेमणूक झाली. १९१० मध्ये ते मुख्याध्यापक झाले. पुढे मुंबई इलाख्याचे चित्रकला व हस्तव्यवसाय निरीक्षक म्हणून त्यांनी काम पाहिले, आणि १९३० साली काही काळ शाळेच्या संचालकपदाची हंगामी सूत्रे त्यांच्या हाती आली. त्या खुर्चीवर बसणारे ते पहिले भारतीय. १९३१ साली ते निवृत्त झाले. विद्यार्थी म्हणून ज्या दारातून ते आत गेले होते, त्याच दारातून एकेचाळीस वर्षांनी ते बाहेर पडले. गुजरातचे कलागुरू रविशंकर रावळ आणि प्रख्यात जलरंगचित्रकार सा. ल. हळदणकर हे त्यांच्या असंख्य विद्यार्थ्यांपैकी दोघे होत.

हा झाला त्यांच्या नोकरीचा आलेख. परंतु माणसाचे खरे चरित्र नेमणुकांच्या तारखांत सापडत नाही. शतकाच्या अखेरीस मुंबईत प्लेगने थैमान घातले आणि त्या साथीत धुरंधरांच्या प्रथम पत्नी बापूबाई निवर्तल्या. नोकरीची सुरुवात, पदकाचे कौतुक आणि घरातील हा अंधार, हे सारे दोनतीन वर्षांच्या अवधीत आले. कालांतराने त्यांचा दुसरा विवाह झाला. या पत्नी गंगूबाई म्हणजे धुरंधरांच्या कलाजीवनातील एक विलक्षण अध्याय आहेत. त्या काळी कुलीन घरातील स्त्रीने चित्रकारासमोर बसणे दुर्मिळ होते. गंगूबाई आपल्या पतीसमोर वर्षानुवर्षे बसल्या, उभ्या राहिल्या, वावरल्या. घरच्या कामात आणि विसाव्यात, निरनिराळ्या वस्त्रांत आणि निरनिराळ्या वयांत धुरंधरांनी त्यांची रेखाटने केली. त्या रेखाटनांचा संग्रह आज कलाभ्यासकांना त्यांच्या मोठ्या चित्रांइतकाच मोलाचा वाटतो.

या घरगुती रेखाटनांकडे आम्ही वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधू इच्छितो. दरबारी व्यक्तिचित्रात चित्रकाराला गिऱ्हाइकाची मर्जी सांभाळावी लागते. पगडीवरील मोत्यांची माळ मोजून दाखवावी लागते. घरच्या माणसाचे रेखाटन करताना असे बंधन नसते. तेथे उरते ते केवळ पाहणे. नऊवारी लुगड्याचा काष्टा, खांद्यावरून सुटलेला पदर, अंबाड्याखाली किंचित वाकलेली मान एवढे चारसहा रेघांत आले की बाई ओळखू येते. मग खोलीतील खिडकी, भिंत वा सामान काढण्याचे कारण उरत नाही. हॉलंडच्या रेम्ब्रांटनेही सतराव्या शतकात आजारी पत्नी सास्किया अंथरुणावर पडलेली असताना तिची अशीच शाईची रेखाटने केली होती. तीत आणि धुरंधरांच्या रेखाटनांत देश, काळ, रीत यांचे अंतर आहे; परंतु ज्या माणसाला आपण रोज पाहतो त्याला पुन्हा एकदा नीट पाहावे, ही ओढ दोन्हीकडे एकच आहे.

आता शाईच्या रेखाटनाचे मर्म काय, ते थोडे खुलासेवार सांगितले पाहिजे. पेन्सिल क्षमाशील असते. चुकले तर खोडता येते, फिकट करता येते, बोटाने घासून सावली पसरविता येते. तैलरंगात तर आजची चूक उद्याच्या थराखाली झाकता येते. टाक आणि काळी शाई यांजपाशी अशी दयामाया नाही. शाईजवळ करडा रंगच नसतो. कागद पांढरा, रेघ काळी, आणि या दोहोंच्या मध्ये काही नाही. गालावरची मऊ सावली दाखवावयाची तर बारीक समांतर रेघा ओढाव्या लागतात. अधिक गडद हवी असेल तर त्यांवर आडव्या रेघांची जाळी विणावी लागते. निबावर दाब दिला की रेघ जाड होते, हात सैल सोडला की केसासारखी बारीक होते. एवढ्याच साधनांवर सारा खेळ.

म्हणूनच नवशिक्याच्या हातून शाईचे व्यक्तिचित्र बिघडते ते बहुधा कमी रेघांमुळे नव्हे, तर अधिक रेघांमुळे. तो भुवईचा केसन्‌केस काढतो, ओठांभोवती बाह्यरेषा घट्ट आवळतो, प्रत्येक सुरकुतीचा हिशेब देतो, आणि समोरचा माणूस वीस वर्षांनी म्हातारा होऊन कागदावर उतरतो. जाणता चित्रकार उजेडाकडील नाकाची बाजू सोडूनच देतो. पाहणाऱ्याचा डोळा ती रेघ आपण होऊन पुरी करतो. वरची पापणी तो ठसठशीत काढतो, खालची नुसती सुचवितो. हनुवटीखाली एक जाड रेघ पडली की तेवढ्याने मान आणि चेहरा वेगळे होतात. जे गाळले तेही चित्रात असतेच. मात्र ते कागदावर न राहता पाहणाऱ्याच्या मनात राहते. साधेपणा म्हणजे दारिद्र्य नव्हे. पुष्कळ ठाऊक असूनही थोडेच सांगण्याचा तो संयम आहे.

धुरंधरांच्या काळी या संयमाला छापखान्याचेही पाठबळ मिळाले. शाईने केलेले रेखाटन छायाचित्राच्या साहाय्याने जस्ताच्या पत्र्यावर उतरवावयाचे, रेघांखेरीजचा भाग तेजाबाने खाऊन टाकावयाचा आणि उरलेल्या उठावाच्या रेघांवर शाई फिरवून अक्षरांबरोबरच चित्र छापावयाचे, ही लाइन ब्लॉकची पद्धत तोवर रुळली होती. साध्या कागदावरही असे चित्र स्वच्छ उठे. मात्र फार दाट रेघा काढल्या की छापताना त्या एकमेकींत मिसळून काळा डाग पडे. छापखान्यासाठी काम करणाऱ्या चित्रकाराला त्यामुळे मोजके काढणे भागच पडे. इंग्लंडमध्ये फिल मे या धुरंधरांच्याच वयाच्या रेखाचित्रकाराने याच मर्यादेतून आपली अल्पाक्षरी शैली घडविली आणि लंडनच्या रस्त्यावरील गोरगरिबांना अजरामर केले. आपल्याकडे त्याच सुमारास सचित्र मासिके नावारूपास येत होती. १८९५ साली निघालेल्या ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, आणि चित्रे पाहण्याची गोडी मराठी मध्यमवर्गाच्या माजघरापर्यंत पोहोचली.

या नव्या युगात धुरंधरांचा हात अखंड चालत राहिला. एस. एम. एडवर्ड्‌स यांच्या मुंबईच्या गल्लीबोळांतील जीवनावरील ग्रंथासाठी त्यांनी १९१२ साली चित्रे काढली. १९१४ साली सी. ए. किंकेड यांनी आपल्या श्रावणातील कहाण्या इंग्रजीत आणल्या. आजी पाटासमोर बसून सांगत असे त्याच या वारांच्या आणि व्रतांच्या कहाण्या. त्या पुस्तकालाही धुरंधरांचीच चित्रे लाभली. ऑटो रॉथफील्ड यांच्या भारतीय स्त्रियांवरील ग्रंथात त्यांनी नाना प्रांतांतील, नाना जातीधर्मांच्या स्त्रिया रंगविल्या. मुंबईच्या लोकजीवनावरील त्यांची चित्रमय पोस्टकार्डे तर एका पोस्टाच्या तिकिटानिशी देशोदेशी गेली. कोळीण, फेरीवाला, भटजी, पारशी गृहस्थ, फकीर, नाटकाला निघालेले कुटुंब, असे सारे शहर त्यांच्या दृष्टीच्या टप्प्यात होते. पोशाखाच्या एका बारकाव्यावरून माणसाचा प्रांत आणि पेशा सांगणे ही त्यांची हातोटी होती. डोक्यावरचे पागोटे कसे बांधले आहे, लुगड्याच्या निऱ्या कोठे खोचल्या आहेत, जोडा कोणत्या घाटाचा आहे, हे ते अचूक टिपीत. आणि ते टिपले म्हणजे इतर तपशील खुशाल सोडून देत.

धुरंधरांच्या कीर्तीला जसा चढ लाभला तसा उतारही आला. विसाव्या शतकाच्या आरंभी बंगालमध्ये हॅवेल आणि अवनींद्रनाथ ठाकूर यांच्या प्रेरणेने जी नवी चळवळ उभी राहिली, तिने मुंबईच्या शाळेतील वास्तववादी शिक्षण परके ठरविले. त्यानंतर आलेल्या आधुनिक पिढीला तर ही सारी चित्रकला कालबाह्य वाटू लागली. या टीकेत तथ्य मुळीच नव्हते, असे आम्ही म्हणणार नाही. धुरंधरांच्या काही भव्य पौराणिक चित्रांत रंगभूमीवरील हावभाव डोकावतात, अलंकारांची गर्दी होते, राजा रविवर्म्याची छाया जाणवते. परंतु टीकाकारांनी तोलून पाहिली ती प्रदर्शनातील मोठी चित्रे. टिपणवहीतील शाईच्या रेघेकडे त्यांनी पाहिले असते तर परकेपणाचा आरोप तेथे टिकला नसता. तंत्र पाश्चात्य शिक्षकांकडून आलेले असेल. पण त्या रेघेत उभी असलेली बाई, तिची चाल, तिचा पदर सावरण्याचा ढंग हे सारे या मातीतले आहे. परक्या डोळ्याला ते वळण साधले नसते.

उत्तरायुष्यात मानसन्मान त्यांच्याकडे चालत आले. सरकारने रावबहादूर ही पदवी दिली. नवी दिल्लीच्या सचिवालयातील भित्तिचित्रांच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. औंधचे कलाप्रेमी अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या संग्रहातही त्यांची चित्रे गेली, आणि औंधच्या श्री भवानी वस्तुसंग्रहालयात ती आजही पाहावयास मिळतात. १९४० साली त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे आत्मकथन प्रसिद्ध केले. मुंबईच्या कलाशिक्षणाचा इतिहास लिहिणाऱ्यास ते डावलून पुढे जाता येत नाही. १ जून १९४४ रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या कन्या अंबिका धुरंधर याही चित्रकार झाल्या; २००९ साली निधन होईपर्यंत पित्याच्या कलेचा ठेवा त्यांनी प्राणापलीकडे जपला. २०१८ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधरांच्या कार्याचे मोठे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले, तेव्हा नव्या पिढीला त्यांची तैलचित्रे, पोस्टकार्डे आणि रेखाटने एकाच छताखाली पाहावयास मिळाली. ज्या कलावंताला जुन्या जमान्याचा म्हणून बाजूस सारले होते, त्याच्याकडे इतिहास असा पुन्हा वळून पाहू लागला.

आता हे सारे आपल्याला, भिलाईच्या सेक्टरांतून आणि आसपासच्या वसाहतींतून राहणाऱ्या मराठी कुटुंबांना, कशासाठी सांगावयाचे? महाराष्ट्रात शिकलेल्यांना शाळेतील एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा आठवत असतील. परप्रांतात वाढणाऱ्या आपल्या मुलांना ती वाट सहसा लाभत नाही. सिव्हिक सेंटरमधील नेहरू आर्ट गॅलरीतील प्रदर्शने आपण पाहतो, गणेशोत्सवात मंडळातर्फे बालचित्रकला स्पर्धाही भरवितो. परंतु त्यांत बहुधा रंगांचीच उधळण असते. मुलाने जितके अधिक रंग भरले तितके चित्र चांगले, असा आपलाही समज होऊन बसला आहे. मुलाच्या हाती एक साधे काळे पेन आणि एक कोरा कागद देऊन त्याला घरातील वडीलधाऱ्या माणसासमोर अर्धा तास बसविण्याची कल्पना क्वचितच कोणाला सुचते.

ती सुचावी, एवढीच या लेखामागील इच्छा. कारखान्याच्या पहिल्या दिवसांत नागपूर, अमरावती, पुणे, कोल्हापूर अशा ठिकठिकाणांहून येथे आलेली पिढी आज वृद्ध झाली आहे. त्यांतील पुष्कळजण आपल्यातून निघून गेले आहेत. त्यांची छायाचित्रे आपल्या खिशातील दूरध्वनीत शेकड्यांनी आहेत, आणि शेकड्यांनी आहेत म्हणूनच ती कोणी फारशी पाहत नाही. रेखाटन करावयाचे तर आधी पाहावे लागते. आजीच्या कपाळावरची आठी मधोमध आहे की डावीकडे कललेली आहे, आजोबा ऐकताना मान कोणत्या बाजूला वाकवितात, काकूंचा पदर कानामागून येतो की डोईवरून, हे ज्याने वीस मिनिटे टक लावून पाहिले तो नातू ते जन्मभर विसरणार नाही. चित्र साधले की बिघडले, हा प्रश्न गौण आहे. घरोघरी अशा वह्या झाल्या तर आणखी पन्नास वर्षांनी निघणाऱ्या स्मरणिकेला आपल्या माणसांचे चेहरे शोधत हिंडावे लागणार नाही.

धुरंधरांनी हजारो चित्रे काढली. त्यांतील राजेमहाराजे, देवदेवता आणि दरबार आपल्या जागी थोर आहेत. परंतु घरच्या माणसाला एका रेघेत ओळखणारा त्यांचा हात आम्हाला अधिक जवळचा वाटतो, कारण त्या रेघेसाठी राजाश्रय लागला नाही, भारी रंग लागले नाहीत. लागली ती एक दौत, एक टाक आणि समोरच्या माणसाविषयीची आस्था. या थोर रेषाप्रभूस आमचे विनम्र अभिवादन.